काढून टाकलेल्या माणसाला खरं बोलायची सोय ठेवा

चाकण-भोसरी पट्ट्यात मी बरीच वर्षं एचआरचं काम करते. भरती माझ्याकडे असते आणि वेळ आली तेव्हा काढून टाकल्याची पत्रंही माझ्याच हातून गेली आहेत. म्हणून हे लिहितेय. चुकीवरून किंवा गैरवर्तनावरून ज्याची नोकरी गेली, तो मुलाखतीत खरं बोलला की आपण त्याला तिथल्या तिथे बाद करतो. खोटं बोलला आणि व्हेरिफिकेशनमध्ये सापडला, तरीही बाद करतो. मग त्याने करायचं तरी काय?

मागे क्वालिटीच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. डिप्लोमा झालेला, लग्न झालेलं, चांगला अनुभव. बसल्या बसल्या म्हणाला, “मॅडम, आधी हे वाचा, मग काय विचारायचं ते विचारा.” टर्मिनेशन लेटर होतं. शिफ्ट संपायच्या घाईत माप न घेताच त्याने इन्स्पेक्शन रिपोर्ट भरला होता. लॉट कस्टमरकडून रिजेक्ट होऊन परत आला, चौकशी बसली, त्याने कबूल केलं आणि कंपनीने काढलं. कंपनीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी त्याच्यापुढे एक जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, आणि त्याचं भोक तपासायचा प्लग गेज ठेवला. त्याने आधी बोअर, म्हणजे ते भोक, पुसला, मग गेज पुसला. ‘गो’ची, म्हणजे आत जायलाच हवी ती बाजू नुसती टेकवली, जोर दिला नाही, ती आपल्या वजनाने आत गेली. मग गेज उलटा करून आत जाता कामा नये तो ‘नो-गो’ तोंडाशीच अडतोय हे पाहिलं आणि त्यानंतरच पेन हातात घेतलं. साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, “हा घ्या.” वरून नकार आला. कारण एकच, टर्मिनेटेड. जागा पुढे बरेच दिवस रिकामी होती. तो मुलगा आता एका ठेकेदाराकडे कमी पगारावर तेच काम करतो. याचं मला आजही वाईट वाटतं.

सगळ्यांना डोळे झाकून घ्या, असं मी म्हणत नाही. एखाद्याने बाई माणसाला त्रास दिला असेल, मारहाण केली असेल, पैसे खाल्ले असतील, तर विचार करायलाच हवा. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजणं कुठल्या न्यायात बसतं? कायदासुद्धा असं करत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना व अनुचित प्रथांच्या कायद्यात किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, आधीची नोकरी कशी झाली हे न बघता, बेसुमार शिक्षा म्हणून कामावरून काढणं हीच अनुचित प्रथा धरली आहे. ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला काढलं म्हणून ती आपोआप बुडत नाही. नुकसान केलं असेल तर त्या नुकसानीपुरती कापता येते. अख्खी रोखायची तर हिंसा किंवा नैतिक अधःपतनासारखं कारण लागतं. कायदा कारण बघतो आणि आपण फक्त शिक्का बघतो.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी थोडं. पीएफ तुमचा आहे, तुमचा हिस्सा आणि कंपनीचाही. काढलं म्हणून कंपनीला तो अडवता येत नाही. जुनी कंपनी पीएफच्या नोंदीत एक्झिटची, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीख टाकत नसेल, तर शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर ती स्वतः टाकता येते. सर्व्हिस सर्टिफिकेट मागा, तेही लेखी. कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांसाठी असलेल्या १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत बडतर्फ झालेल्या कायम कामगारालाही ते मिळावं असं लिहिलेलं होतं, पण हे फार थोड्यांना माहीत असतं. “तुला कसलं लेटर?” म्हणून गेटवरून परत पाठवतात आणि माणूस मान खाली घालून परत येतो.

आणि कृपा करून बनावट अनुभवपत्र घेऊ नका. ती नोकरी लपवूही नका, यूएएनच्या, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम नंबरच्या सर्व्हिस हिस्ट्रीमध्ये आल्या-गेल्याच्या तारखा सगळ्या दिसतात. विचारलं की सरळ सांगा: काय झालं, त्यात माझं काय चुकलं, आणि आता मी ते काम कसं करतो. दोन-तीन वाक्यं पुरतात. जुन्या साहेबांच्या तक्रारी तिथे काढू नका, त्या खऱ्या असल्या तरी. जुन्या ठिकाणचा एखादा सुपरवायझर किंवा लाइनवरचा सीनियर तुमच्या कामाबद्दल बोलायला तयार असेल, तर त्याला आधी विचारून त्याचा नंबर द्या. अशा फोनने नोकरी मिळालेली माणसं मी पाहिली आहेत.

राहता राहिले आपण, भरती करणारे. बऱ्याच कंपन्यांच्या अर्जात एक रकाना असतो, ‘यापूर्वी कामावरून काढले आहे का? होय / नाही’. ‘होय’वर खूण दिसली की अर्ज बाजूला पडतो, पुढचं कुणी वाचत नाही. तो रकाना काढा असं मी म्हणत नाही. त्याच्याखाली कारण लिहायला चार ओळींची जागा द्या आणि त्या वाचल्याशिवाय अर्ज बाजूला टाकू नका. आमच्या अर्जात हा बदल व्हावा म्हणून मी लेखी दिलं आहे, अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्या कंपनीत झाला असेल तर कसा करून घेतलात ते मला जरूर सांगा.