लेबलावर ०.१, आत देव जाणे

प्रयोगशाळेतली कॉस्टिक सोड्याची (सोडियम हायड्रॉक्साइडची) बरणी आणि पुण्यातला जुलै यांची गाठ पडू नये. झाकण उघडलं की पांढरेशुभ्र पेलेट (गोळ्या) वजनाच्या काचेच्या बशीवरच घामेजतात. एक लिटर ०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणाच्या ताकदीचं माप) द्रावणाला ४ ग्रॅम लागतात. मी काटा ४.०० वर आणावा, तर तो ४.०१, ४.०२ करत पुढेच सरकतो, सिग्नलला उभ्या रिक्षाच्या मीटरसारखा. मी काहीच टाकलेलं नसतं. टाकतोय तो पाऊस.

बरं, नुसतं पाणी पिऊन गप्प बसेल तर तो सोडा कसला! हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतो आणि सोडियम कार्बोनेट होतो. बिल कॉस्टिकचं, बाटलीत धुण्याचा सोडा. मग त्याची ताकद किती? आम्लाने टायट्रेट करताना, म्हणजे आम्ल थेंबथेंब घालून मोजताना, रंग बदलून ‘झालं’ सांगणाऱ्या सूचकांपैकी मिथिल ऑरेंज कार्बोनेट पुरतं मोजतं, फेनॉल्फ्थॅलीन अर्धंच. शनिवारवाडा कुठे म्हणून पेठेतल्या दोघांना विचारावं, तशी दोन उत्तरं, दोन्ही ठाम. २५ मिली ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लाला २५.० ऐवजी २५.६ मिली सोडा लागला, तर तो उरलाय ०.०९७७ नॉर्मल. पोरं बिचारी ब्युरेटकडे, म्हणजे मोजायच्या नळीकडे, संशयाने बघतात.

यावर इलाज आहे, फक्त घाई चालत नाही. ५० ग्रॅम सोडा ५० मिली पाण्यात थोडा थोडा घालायचा, प्लास्टिकच्या भांड्यात, बाहेरून गार पाणी ठेवून, चष्मा लावून. प्रकरण चांगलंच तापतं. इतक्या दाट द्रावणात कार्बोनेट विरघळत नाही, काही दिवसांत तळाशी बसतं. वरचं नितळ साधारण ५.३ मिली घेऊन उकळून गार केलेल्या पाण्याने लिटरभर करायचं. तरी लेबलावर विश्वास नाही: ०.५१०६ ग्रॅम वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (वजनाला भरवशाचं आम्ल) घेऊन तपासायचं, २५ मिलीच्या आसपास द्रावण लागलं की जमलं. ठेवायचं प्लास्टिकच्या बाटलीत. काचेच्या बुचाची बाटली सोडा स्वतःच चिकटवून टाकतो, आणि मग ते बूच काढायला अख्खा विभाग जमतो.

आम्लांचं निराळंच. उघडं राहिलेलं ९८ टक्के सल्फ्युरिक हवेतलं पाणी पिऊन वाढतं. स्टॉक रजिस्टरच्या इतिहासात न आणता वाढलेला माल हाच. हायड्रोक्लोरिक उलट वाफ सोडून हलकं होतं, आणि शेजारी अमोनिया ठेवला असेल तर बाटल्यांवर अमोनियम क्लोराइडची पांढरी साय धरते. पुसा, आठवड्यात पुन्हा हजर.

सगळ्यात लाजिरवाणी ती चुन्याची निवळी. उघडी राहिली की वर साय येते, आतला चुना संपतो, आणि परीक्षक ऐटीत फुंकर मारतात तर दुधाळ व्हायच्या ऐवजी ढिम्म. म्हणून तळाशी चुना ठेवून आयत्या वेळी गाळायची. शिपाईमामांच्या डबीतला चुना मात्र सदैव ओला, सदैव तय्यार. परीक्षेच्या सकाळी ती डबी मागावीशी वाटते. पण निवळीत तंबाखूचा कण तरंगला, तर जर्नलात निरीक्षण काय लिहायचं?