‘लागेल तेवढीच लोकर’ म्हणजे नेमकी किती?

लोकरीच्या साठ्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: “गरजेपेक्षा जास्त लोकर आणायची आणि तिला साठा म्हणायचं, ही उधळपट्टीच. लागेल तेवढीच घ्यावी. आणि कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकाव्यात, एवढं सोपं आहे.”

ताई, निम्मं पटलं. पण ‘लागेल तेवढी’ हा आकडा विणायच्या आधी कळतो का? इथेच घोडं पेंड खातं. दुकानदार अंदाजाने सांगतो, तो अंदाज साध्या विणीचा असतो. त्यापेक्षा एक गुंडा आणून आठ नंबरच्या सुयांवर १५ सेंमी बाय १५ सेंमीचा तुकडा विणा, धुऊन वाळवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. समजा ९ ग्रॅम भरला. स्वेटरची छाती १०० सेंमी, उंची ६०, म्हणजे ६,००० चौरस सेंमी. बाही सरासरी ३५ रुंद, ४८ लांब, दोन्ही मिळून ३,३६०. एकूण ९,३६० भागिले २२५ गुणिले ९, म्हणजे साधारण ३७५ ग्रॅम. गळा, पट्ट्या आणि शिवण यांसाठी १५ टक्के धरले की ४३० होतात. ५० ग्रॅमचे नऊ गुंडे. वेण्यांचा नमुना असेल तर तुकडाही त्याच नमुन्याचा हवा. वेण्या सहज पाचवा हिस्सा जास्त लोकर खातात.

या नवावर दहावा गुंडा घ्या, असं लेखात म्हटलं ते लॉटमुळे. लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेला माल. लेबलावर शेड नंबराशेजारी लॉट नंबर असतो. शेड तीच पण लॉट वेगळा असेल तर फरक ट्यूबलाइटखाली दिसत नाही, अंगणातल्या उन्हात मात्र पाठीवर पट्टा उठून दिसतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानातून दिवाळीआधी नेलेला लॉट संक्रांतीला गळा विणायच्या वेळी तिथे असेलच असं नाही. अडचणीत सापडलातच, तर आठ-दहा ओळी आलटून पालटून विणा, दोन जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या. किंवा गळा आणि मनगटाच्या पट्ट्या सगळ्याच नव्या लॉटच्या करा. तिथे वीणच बदलते, त्यामुळे नजर फसते.

तुमचं खरं ठरतं ते दुसऱ्या प्रकारच्या खरेदीत. रंग आवडला म्हणून उचललेले दोन गुंडे! १०० ग्रॅममध्ये मोठ्या माणसाची एक टोपी होते, नाहीतर बाळाची टोपी आणि मोजे. स्वेटर कधीच नाही. असे दोन-दोनचे वीस जोड जमले की दोन किलो लोकर घरात असते आणि विणायला काहीच नसतं. मेळ्यात स्वस्त दिसलं हे कारण तर अगदीच तकलादू. ग्वाल्हेरचा मेळा १९०५पासून भरतोय, पुढच्या हिवाळ्यातही भरेल.

आता गोळ्यांचं. कसरीची अळी केराटिन या प्रथिनावर जगते. ते खऱ्या लोकरीत असतं, अ‍ॅक्रिलिकमध्ये नसतं. म्हणजे निव्वळ अ‍ॅक्रिलिकच्या साठ्यात गोळ्या टाकून फक्त वास येतो. खऱ्या लोकरीलाही त्या बंद डब्यातच उपयोगी, कारण काम वाफ साठल्यावर होतं. बाळाच्या लोकरीजवळ तर त्या नकोतच. जी-सिक्स-पीडी हे लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या त्या पेशी गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात.

त्याऐवजी खरी लोकर स्वच्छ आणि पूर्ण कोरडी करून पावसाळ्याआधी हवाबंद पिशवीत घाला. घामाचा किंवा तेलाचा डाग अळीला आणखी बोलावतो. शंका आली तर पिशवीसकट फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर दव लोकरीवर धरेल.

एक गोष्ट लेखात राहिली होती, ती तुमच्यामुळे आठवली. उरलेली लोकर घट्ट गुंडाळू नये. ताणलेल्या धाग्याचा नमुना-तुकडा मोठा भरतो आणि स्वेटर पहिल्या धुण्यात आखडतो. दोन-तीन बोटं मध्ये घालून सैल गुंडाळा, बोटं काढून घ्या आणि लेबल गुंड्याच्या पोटात खोचून ठेवा.