'डेब्यू'ला भेळ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप मला समजले ते असे : आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिचा 'डेब्यू' हा अल्बम म्हणजे अकरा गाण्यांची भेळ, शुगरक्यूब्ज या आपल्या आधीच्या बँडमधली धार सोडून ती लंडनच्या क्लबांतल्या फॅशनमागे गेली, जे चांगलं उतरलं ते निर्माता नेली हूपरचं, आणि 'व्हीनस अ‍ॅज अ बॉय' या गाण्यातला तबला निव्वळ शोभेचा.

आधी फॅशनचं बघू. शुगरक्यूब्ज 1986 साली रेक्याविकमध्ये जमले आणि 1992 मध्ये पांगले. 'डेब्यू' आला जुलै 1993 मध्ये. एवढ्यावरून वाटतं की बँड सुटला आणि बाईंनी वाट बदलली. पण बँड चालू असतानाच, 1990 मध्ये, तिने आइसलँडमधल्या एका त्रिकुटाबरोबर जॅझ गाण्यांचा 'ग्लिंग-ग्लो' केला होता. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या '808 स्टेट' या गटाच्या अल्बमवर ती गायली, आणि ते तर पूर्ण इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. 'डेब्यू'तल्या 'ह्यूमन बिहेवियर'ची चालही तिच्याजवळ बँडच्या काळापासून होती. बँडचा दुसरा गायक आयनार ओर्न याच्या आरडाओरड्याशी झुंजणाऱ्या त्या गिटारच्या बँडमध्ये या गोष्टींना जागाच नव्हती. (तो बँड मलाही प्रिय आहे, त्यांचं 'बर्थडे' हे गाणं तर फारच.) तेव्हा तिने वाट बदलली असं मला वाटत नाही. अडून राहिलेलं सगळं एकदाचं बाहेर आलं. आणि ज्या अल्बमच्या जेमतेम 40,000 प्रती खपतील असा रेकॉर्ड कंपनीचा अंदाज होता, तो बाजाराकडे बघून बेतलेला होता हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पण ते नंतरचं.

हूपरबद्दल. 'सोल टू सोल' आणि 'मॅसिव्ह अटॅक' या ब्रिटिश गटांबरोबर काम केलेला हा माणूस ठेका किती मोकळा सोडायचा हे नेमकं जाणतो, आणि यातली काही गाणी दोघांनी मिळून लिहिली आहेत. त्याचं श्रेय मी नाकारत नाही. गंमत अशी की 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाच्या तेव्हाच्या परीक्षणाने अल्बम बिघडल्याचं खापर याच हूपरवर फोडलं होतं. तुम्ही यश त्याच्या पदरात घालता, त्यांनी अपयश घातलं. गाणारीचा निर्णय दोन्हीकडे गायब. आता अल्बममधलं शेवटचं गाणं, 'द अँकर साँग' ऐका. त्यात नुसते सॅक्सोफोन आणि आवाज. हूपरचा ठेका औषधालाही सापडत नाही. 'लाइक समवन इन लव्ह' हे जुनं जॅझ गाणं, त्यात फक्त कॉर्की हेलची हार्प आणि मागे कुठेतरी माणसांची चाहूल. त्याच्या आधीचं गाणं लंडनच्या मिल्क बार या क्लबमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. गाता गाता ती स्वच्छतागृहात शिरते, दार लागतं, बाहेरचा ठेका दबतो आणि ती तशीच गात राहते. क्लबच्या मागे लागलेली गायिका क्लबचं दार असं लावून घेईल का?

तबल्याच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तिथे आपले कान कामाला यायला हवेत. तबला ब्रिटिश तबलावादक तल्विन सिंगचा, आणि व्हायोलिन्सची बाजूही त्यानेच सांभाळली. ती वाजवली आहेत भारतातल्या फिल्मी ऑर्केस्ट्राच्या वादकांनी. नीट ऐका : युरोपीय पद्धतीचे थरावर थर तिथे नाहीत. सगळी व्हायोलिन्स एकच ओळ एकत्र वाजवतात आणि सुरावरून सुरावर मींड घेत सरकतात. हिंदी गाण्यांच्या मधल्या तुकड्यांतून हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शोभेसाठी आणलेलं वाद्य बाजूला काढलं तरी गाणं उभं राहतं. इथे ही ओळ काढलीत तर गाण्याचा निम्मा जीव जाईल, कारण ब्यॉर्कचा आवाज तिच्याशीच बोलतोय. ती शब्द मध्येच तोडते, श्वास ऐकू देते, एखादा स्वर खरवडते, आणि व्हायोलिन्स मात्र अखंड वाहतात.

'व्हायोलंटली हॅपी'बद्दल आपलं जमतं. त्यातला कीबोर्ड 1993 सालातच अडकून पडलाय. पण एक गाणं शिळं वाटलं म्हणून अख्खा अल्बम विस्कळीत ठरत नाही. हार्प, सॅक्सोफोन, तबला आणि हाउस या क्लबमधल्या नृत्यसंगीताचा ठेका या सगळ्यांत तो आवाज एकदाही स्वतःला मवाळ करत नाही. अकरा गाण्यांना बांधणारी गोष्ट मला तिथे सापडते, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका आवाजाचाच उल्लेख नाही.

एक विनंती. नंतरच्या आवृत्त्यांत 'प्ले डेड' हे चित्रपटासाठी केलेलं गाणं शेवटी जोडलेलं आहे. संगीतकार डेव्हिड अर्नॉल्डचा तो भव्य वाद्यवृंद अल्बमचा सगळा तोलच बदलतो. तुमच्याकडे ती प्रत असेल, तर अकराव्या गाण्याला थांबून पुन्हा एकदा ऐका आणि काय वाटलं ते इथेच लिहा.