पर्यावरणशास्त्र घ्या, पण नोंदवही खानदेशातली असू द्या

पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करायची तर खानदेशासारखी जागा शोधून सापडणार नाही, असं मी ठामपणे म्हणते. आणि हाच विषय आपल्याकडे ज्या पद्धतीनं शिकवला जातो, त्याची मला तितकीच चीड येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण अभ्यास हा पेपर पदवीच्या सगळ्या मुलांना सक्तीचा झाला. कला शाखा असो की वाणिज्य, पेपर द्यावाच लागतो. हेतू फार चांगला होता. झालं काय, तर झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायला लागले. मी पूर्वी शिकवायचे त्या कॉलेजच्या गच्चीवरून तापीचं पात्र दिसायचं, आणि मुलांच्या फायलीत असायचं गंगेचं प्रदूषण. फोटोसुद्धा सगळ्यांचे तेच. बरं, ज्यांनी हा विषय मुख्य म्हणून घेतला त्यांचीही गत फार वेगळी नव्हती. नोट्स, पाठांतर, तोंडी परीक्षा, संपलं.

अहो, तापीच्या पाण्याची एक बाटली भरून बघा. ३०० मिलीची काचेची बाटली, आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. मग त्यात मँगेनस सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण पिपेटनं सोडायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. ऑक्सिजन संपलेला असेल तर साका पांढराच राहतो. शहराचा नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाची एक बाटली आणि खालच्या अंगाची एक, अशा दोन्ही मुलांनी शेजारी ठेवून पाहिल्या की वर्ग एकदम शांत होतो. नदी मरते म्हणजे काय, ते मग वेगळं सांगावं लागत नाही. ही तपासणी शंभर वर्षांहून जुनी आहे, रसायनं महाग नाहीत. तरी किती कॉलेजांत ती नदीकाठी जाऊन होते?

आणि इकॉलॉजी म्हणजे फक्त वाघ आणि जंगल, हा समज तर काढूनच टाका. आपल्या कपाशीत सगळी इकॉलॉजी भरलेली आहे. बीटी बियाण्याच्या (म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं त्या कपाशीच्या) ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळायची, आठवते ना? ती शेताच्या कडेनं लावायची होती. त्या झाडांवर बीटीला बळी पडणारी बोंडअळी जगावी, तिच्या पतंगांचा बीटीला दाद न देणाऱ्या मोजक्या पतंगांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरणारी निघावी, असा तो सगळा हिशेब. बहुतेकांनी ती पुडी बांधावर टाकून दिली, कारण ती कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलंच नाही. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीनं राज्यभर कपाशीची बोंडं पोखरली. उत्क्रांती आपल्या शेतात घडत होती, आणि शेतकऱ्याचीच पोरं उत्क्रांतीच्या धड्यातली उत्तरं पाठ करत होती. रावेर-यावलच्या केळीवरचा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोगही तसाच. मावा तो रोग पसरवतो आणि बागेतल्या कितीतरी तणांवर तो विषाणू तग धरतो. रोपं उपटून फेकायची वेळ येण्याआधी हे कळायला नको का?

आता रानपिंगळ्याचं, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाचं सांगते, कारण माझं खरं म्हणणं त्यातच आहे. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं दिसला नव्हता. संग्रहालयात १९१४ सालची एक नोंद होती, पण पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा उघड झालं की तो चोरलेला आहे आणि त्याच्यावरची ठिकाण-तारखेची चिठ्ठी बनावट आहे. मग त्यांनी ती नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांवर भर दिला. नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला, ११३ वर्षांनी. खोट्या चिठ्ठीनं दिशाभूल केली, खऱ्या चिठ्ठीनं पक्षी दाखवला. ठिकाण आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिण्याची किंमत यापेक्षा मोठ्या उदाहरणानं मला तरी सांगता येणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजनं एक विहीर, नदीवरची एक जागा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी दहा बाय दहा मीटरचा एक तुकडा कायमचा ठरवावा. विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला, तुकड्यातली झाडं दर वर्षी. अंजन किती, सालई किती, सागाची नवी रोपं किती जगली. एक बॅच गेली की वही पुढच्या बॅचकडे. चार खुंट्या, सुतळी आणि मोजपट्टी एवढाच काय तो खर्च. पायथ्याचा गोटे-वाळूचा पट्टा हाच पाणी मुरण्याचा पट्टा आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाला केळीच्या बागा तेच पाणी उपसतात. त्या विहिरींच्या वीस वर्षांच्या नोंदी आपल्या हातात असत्या, तर पाण्याचं भांडण कागद पुढे ठेवून करता आलं असतं.

दुसरं कारणही आहे. पर्यावरण मंजुरीबाबतच्या केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार बऱ्याच प्रकल्पांचा पर्यावरणीय अहवाल पावसाळा सोडून एका हंगामाच्या माहितीवर होतो. आणि आपल्याकडचं गवत, बेडूक, हंगामी झुडपं दिसतात ती नेमकी पावसाळ्यात! बाहेरून आलेली टीम उन्हाळ्यात पांझरेचं कोरडं पात्र बघणार आणि यादी देऊन निघून जाणार. बारा महिन्यांची नोंद ठेवू शकतो तो इथं राहणाराच.

यंदा चोपड्याकडच्या एका काकांनी मला विचारलं, "ताई, हाई शिकीसन पोर काय करी?" त्यांना मी खरं तेच सांगितलं. सरकारी जागा थोड्या आहेत, नुसत्या पदवीवर भागत नाही. पण जिला पाणी तपासता येतं, झाडं ओळखता येतात, नकाशाचं सॉफ्टवेअर चालवता येतं आणि पावरा-भिल्लांच्या पाड्यावर बसून बोलता येतं, तिला काम मिळतं. पाणलोटाची कामं, सामूहिक वनहक्काचे आराखडे, कारखान्यांच्या तपासण्या, सगळीकडे अशी माणसं लागतात.

प्रवेश घेताना कॉलेजात एवढंच विचारा: मागच्या बॅचची फील्डची वही दाखवता का? आणि ज्यांच्या घरी आजोबांनी लिहिलेल्या पावसाच्या, विहिरीच्या जुन्या वह्या पडून आहेत, त्यांनी त्या कृपा करून रद्दीत देऊ नका. जवळच्या कॉलेजच्या विभागाला नेऊन द्या, किंवा मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.