एक दिवस चुकला, म्हणून काय झालं?

१ जानेवारीला आमच्या बडोद्यातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो नेहमीचा संदेश आला: "लहान ध्येय ठेवणारे लहानच राहतात. रोज १०,००० पावलं चाला. २१ दिवसांत सवय लागते. एक दिवस चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून." खाली एका काकांनी भर घातली, "सयाजीराव महाराजांनी मोठं स्वप्न पाहिलं, म्हणून बडोदं घडलं."

माझ्या आईने ते मनावर घेतलं. वय सत्तर, गुडघे दुखरे. तीन दिवस कमाटीबागेत चालली, चौथ्या दिवशी गुडघा सुजला. "माझ्याच्याने आता काही होत नाही," म्हणून तिने बूट कपाटात ठेवून दिले. सुजेपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं.

आधी २१ दिवसांचं बघू. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. ते सवयीचं संशोधन नव्हतंच. शिवाय 'किमान' हा शब्द वाटेत गळून गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एकच छोटी गोष्ट करायला सांगितली: जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, थोडं धावणं. ती गोष्ट आपोआप व्हायला लागणारा काळ मधोमध ६६ दिवसांचा निघाला. माणसामाणसांत फरक मात्र १८ पासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी व्यायामापेक्षा लवकर अंगवळणी पडल्या. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. 'पुन्हा पहिल्यापासून' ही धमकी माणसाला उठवत नाही, बसवते. म्हणून या संदेशातलं तेच वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं.

१०,००० चा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचा. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. अमेरिकेतल्या, सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांच्या २०१९ मधल्या अभ्यासात २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास फरक थांबला.

मोठ्या ध्येयाबद्दल खरं तेही सांगते. नेमकं आणि अवघड ध्येय ठेवल्यावर काम चांगलं होतं, असं बरेच प्रयोग दाखवतात. पण ते करण्याची ताकद अंगात असेल तरच. दुखणाईत किंवा मन खचलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. नैराश्याच्या उपचारातसुद्धा अंघोळ, दोन मिनिटं अंगणात उभं राहणं, असल्या छोट्या कामांपासूनच सुरुवात करतात.

आणि काका, महाराजांचंच उदाहरण घ्यायचं तर ते पुरतं घेऊ. सक्तीचं मोफत शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी फक्त अमरेली भागात, मोजक्या गावांत करून पाहिलं. सगळ्या संस्थानात ते लागू झालं १९०६ मध्ये. मधे तेरा वर्षं गेली.

सूज उतरल्यावर आईशी मी एवढंच ठरवलं: चारचा चहा झाला की कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन्ही दिवस नातवंडांसोबत गच्चीत गेले, चालणं झालंच नाही. सोळा तारखेला चहाचा कप विसळून तिने स्वतःच कपाटातून बूट काढले.