पाडण्याआधीचा फोटो

गिरगावातल्या ट्रामचा नाहीतर पुण्याच्या मंडईचा कृष्णधवल फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला की पाठोपाठ तेच भांडण येतं. एक पक्ष म्हणतो, इंग्रजांनी बघा कसं सगळं जपून ठेवलंय, आपल्याकडे नुसती आबाळ. दुसरा म्हणतो, जपलं कसलं, आपलंच उचलून नेलं. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन्ही बाजू साक्षीला ओढतात. साक्षच द्यायची तर ती अशी: इंग्रज माणूस जात्याच जपणारा असतो हा समज इथे राहिल्यावर फार दिवस टिकत नाही. इथे जे उरलंय ते धंद्यामुळे, युद्धातल्या भीतीमुळे आणि निवृत्त मंडळींच्या कंटाळवाण्या मेहनतीमुळे. यातली मेहनत आपल्यालाही जमण्यासारखी आहे, आणि भांडणात तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आधी धंदा. फ्रान्सिस फ्रिथने १८६० साली सरे परगण्यातल्या रायगेटला कंपनी काढली आणि ब्रिटनच्या गावागावांत फोटोग्राफर पाठवले. रेल्वेने सहलीला निघालेला माणूस आठवण म्हणून फोटो विकत घेई. १९०२ साली टपालखात्याने पोस्टकार्डाच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहायची मुभा दिली, चित्राला दुसरी बाजू अख्खी मोकळी झाली आणि या व्यापाराला भरती आली. कंपनी १९७१ साली बंद पडली, पण संग्रह विकत घेणारे भेटले म्हणून टिकला. आज त्यात सुमारे सात हजार गावं आणि शहरं आहेत.

मात्र हा संग्रह विक्रीसाठी काढलेल्या फोटोंचा आहे, हे विसरलं की गल्लत होते. चर्च, पूल, मुख्य रस्ता, समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल यांची कार्डं खपत. मागच्या अंगणातला सामायिक संडास कोण विकत घेणार? शिवाय छापताना आकाशात ढग घातले जात, रस्ता ओका वाटला तर माणसं चिकटवली जात, आणि रंग भरणारा कारागीर ते गाव कधी न पाहता छपराचा रंग ठरवी. तेव्हा आज एआयने रंगवलेल्या फोटोंवर जो संताप होतो त्यातला रंगाविषयीचा भाग मला पटत नाही. ती खोड शंभर वर्षांपूर्वीचीच आहे. खरी अडचण वेगळी आहे. फोटो ‘स्वच्छ’ करताना एआय धूसर पाटीवरची मोडी किंवा देवनागरी अक्षरं स्वतःच्या मनाने घडवतं आणि खिडकीचे गज बदलून टाकतं. ज्या पाटीवरून दुकान ओळखता आलं असतं तीच पुसली जाते.

धंद्याच्या फोटोंइतकेच इथे दुसऱ्या जातीचे फोटो आहेत, आणि जुन्या गल्लीबोळांवर जीव टाकणाऱ्यांना त्यांचा उगम सहसा ठाऊक नसतो. थॉमस अॅनन याने १८६८ ते १८७१ दरम्यान ग्लासगोचे अरुंद बोळ टिपले. वाळत घातलेले कपडे, ओली फरशी, उजेडाची एक पट्टी. आज ते भिंतीवर लावावेसे वाटतात. काढले होते ते शहर सुधारणेच्या ट्रस्टसाठी, कारण ते बोळ पाडायचे होते. लीड्सच्या ग्रंथालयाच्या लिओडिस या संग्रहातही अशा गल्ल्या आहेत, ज्या महापालिकेने ‘राहण्यास अयोग्य’ ठरवण्यापुरत्याच टिपल्या. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा हेच घडलं: घरझडत्यांचे, चुना मारणाऱ्या टोळ्यांचे फोटो निघाले, इमारतींवर माणसांच्या वस्तीला नालायक अशा अर्थाची ‘यूएचएच’ अक्षरं रंगवली गेली, १८९८ साली सुधारणा ट्रस्ट आला आणि जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले गेले. या फोटोंना ‘जुनी मुंबई किती सुंदर’ असा मथळा देणं म्हणजे खटल्यातला पुरावा लग्नाच्या अल्बममध्ये लावणं.

म्हणून फोटो हातात आला की पहिला प्रश्न ‘कोणी आणि कशासाठी काढला’ हा. दुसरा, कधी. इथल्या स्थानिक इतिहास मंडळांतले लोक दुसऱ्या प्रश्नावर जी मेहनत घेतात ती पाहण्यासारखी असते. पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का म्हणजे फोटोची तारीख असं ते कधीच धरत नाहीत. शिक्क्याने एवढंच कळतं की फोटो त्यानंतरचा नाही. तेव्हा निगेटिव्ह काचेवर असे, आणि एकच काच पंधरा-वीस वर्षं छापली जात असे. मग खालची मर्यादा शोधायची. मोटारीला नंबरप्लेट आहे? १९०४ किंवा नंतरचा. चौकात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे? साधारण १९२० नंतरचा. रस्ता ओलांडायच्या जागी खांबावर पिवळा गोळा, म्हणजे १९३४ नंतर. खाली झेब्राचे पट्टेही असले तर १९५१ नंतर. गावातली लाल टेलिफोनची खोकी १९३६ पासून पसरली. छपरावर इंग्रजी एचच्या आकाराचा अँटेना दिसला तर बहुधा पन्नासचं दशक. रस्त्यावरच्या पाट्या आजच्यासारख्या असतील तर १९६५ नंतर.

एवढ्याने पाच-दहा वर्षांची पट्टी मिळते. पुढे दुकानाच्या पाटीवरचं नाव व्यापारी डिरेक्टरीत शोधायचं: १९११च्या आवृत्तीत आहे आणि १९१५च्या आवृत्तीत नाही, असं सापडलं की पट्टी आणखी आवळते. माणसांसाठी जनगणना. १९२१ची घरवार पानं २०२२ साली खुली झाली. १९३१ची १९४२च्या आगीत जळाली, १९४१ची झालीच नाही, म्हणून त्या काळासाठी १९३९ची युद्धकालीन नोंदवही वापरतात. जुनी चर्च साधारण पूर्व-पश्चिम बांधलेली असल्याने सावलीवरून वेळही काढता येते. आणि सकाळी अकराच्या सुमाराचा रस्ता अगदी निर्मनुष्य दिसला तर गाव ओस होतं असं लगेच समजू नये. सुरुवातीच्या काचांना काही सेकंद उजेड लागे, तेवढ्यात चालणारा माणूस उमटतच नसे.

हे सगळं आपल्याकडेही चालतं, फक्त खुणा आपल्या घ्याव्या लागतात. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ची, विजेची १९०७ची, आणि १९६४ साली ट्राम संपली. तेव्हा रस्त्यात रूळ आहेत पण वर तार नाही, एवढ्याने सुद्धा काळ ठरतो. व्हीटीची इमारत पूर्ण झाली १८८८ला, महापालिकेची १८९३ला. एक आहे आणि समोर दुसरी नाही, तर मधली वर्षं. पुण्यात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर ही मोठीच रेघ आहे, नदीकाठचा कुठलाही फोटो तिच्या अलीकडचा की पलीकडचा हे आधी पाहावं. गाडीवर ‘एमएच-१२’ असा एमएच आणि आकडे असतील तर १९८९ नंतर. जागा नक्की करायला सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या कामाला येतात. ‘१८८० सालचा दुर्मिळ फोटो’ म्हणून जे फिरतं त्यातल्या निम्म्यांचा निकाल चहा संपायच्या आत लागेल.

नावांच्या बाबतीत मात्र आपण स्वतःच घोटाळा करून ठेवलाय. फोटोमागे ‘बापू, ताई, काकू, माईच्या मंगळागौरीला’ असं लिहिलेलं असतं. कोणाची काकू? लिहिणारा गेला की नातं गेलं. इथल्या मंडळांची पद्धत सरळ आहे: मागची रांग, पुढची रांग, डावीकडून उजवीकडे, पूर्ण नाव, बाईचं माहेरचं आडनावही, जागा, साल, आणि खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह. लिहायचं मऊ टूबी पेन्सिलने, कडेला, फोटो काचेवर पालथा ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, स्केचपेनची शाई पाझरते. सत्तरच्या दशकानंतरच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे फोटोवर न लिहिता पाकिटावर लिहावं, आणि तेही फोटो आत घालण्याआधी.

हवामानाचा मुद्दा घरच्या वादात नेहमी निसटतो. थंड कोरड्या कपाटात फोटो आपोआप बरे राहतात, यात इंग्रजांचं कर्तृत्व काही नाही. फोटोतली प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते, त्याला साधारण तीस ते पन्नास टक्के आर्द्रता मानवते. कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते. मग बुरशी धरते, कसर कागद खाते, आणि फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. असा चिकटलेला फोटो ओढू नये, प्रतिमेचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅनरवर ठेवून स्कॅन करावा. ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोडवायला मेण न लावलेला दात साफ करायचा धागा मागून हळूहळू करवतीसारखा सरकवतात. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांच्यापासून लांबच राहावं. भिंतीला लागून असलेलं कपाट आणि वरचा माळा, दोन्ही जागा वाईट; पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी पेट्या उघडून तपासणं हा आपल्याकडचा खरा उपाय.

स्कॅनिंगला फार महागडं यंत्र लागत नाही. सहा बाय चार इंचाचा फोटो ६०० डीपीआयला घेतला तर ३६०० बाय २४०० बिंदू मिळतात, टिफ फाइल साधारण पंचवीस एमबीची. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हला ३२०० डीपीआय घ्यावं. मागच्या बाजूचाही स्कॅन हवाच. आणि ती फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नये. ती आकसते, आतली तारखेची नोंदही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. इथल्या गावच्या सभागृहात चहा-बिस्किटांसोबत हेच चालतं: लोक फोटो घेऊन येतात, जागच्या जागी स्कॅन होतो, मूळ फोटो लगेच परत मिळतो, आणि एका कागदावर मालक कोण, कोणी काढला, जाहीर करायची परवानगी आहे का, हे लिहून घेतात. मूळ फोटो ठेवून घ्यायचा आग्रह धरला की माणसं पुन्हा येत नाहीत.

परवानगीचं कलम फाजील वाटेल, पण ब्रिटनमध्ये फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, भारतात २०१२च्या कायदादुरुस्तीपासून मृत्यूनंतर ६० वर्षं, त्याआधी प्रसिद्धीपासून ६० होती. ‘नेटवर मिळाला’ ही परवानगी नव्हे.

जुन्या फोटोंखाली जे उसासे येतात त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. इंग्लंडातल्या कुठल्याही गावाच्या जुन्या मुख्य रस्त्याचा फोटो घ्या, पाच-सहा प्रतिक्रियांत ‘तेव्हा गाव आपलं होतं’ हे वाक्य येतंच. त्या ‘आपलं’मध्ये आपण नसतो. १९७२ साली लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की तिथल्या आशियाई निर्वासितांनी आमच्या शहरात येऊ नये. ते आले, आणि आज त्या शहराची दिवाळी बाहेरून लोक पाहायला येतात. ब्रॅडफर्डच्या बेल व्ह्यू स्टुडिओत भारतीय उपखंडातून नि कॅरिबियन बेटांवरून आलेले गिरणी कामगार, बसचे कंडक्टर खिशाला पेन लावून, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात ठेवून फोटो काढून घेत आणि घरी पाठवत. त्या काचा टाकून दिल्या जाणार होत्या. सुमारे १७,००० वाचल्या आणि आता शहराच्या संग्रहालयाकडे आहेत. त्याही गेल्या असत्या तर ‘जुनं ब्रॅडफर्ड’ फक्त गोऱ्यांचं उरलं असतं. दादर-गिरगावच्या जुन्या फोटोंखाली आपली माणसं हेच वाक्य मराठीत लिहितात तेव्हा त्यांच्या दुःखात तथ्य असतं, भाड्याची खोली सुटली की माणूस खरंच तुटतो. पण तेच वाक्य उलट्या बाजूने ऐकावं लागलं की त्याची धार कळते.

राहिला युद्धाचा भाग, आणि घेण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे. जर्मन बॉम्ब पडायला लागल्यावर १९४१ साली इमारतींची राष्ट्रीय नोंद करणारी संस्था सुरू झाली: वाचवता येत नसेल तर निदान फोटो आणि आराखडा तरी राहू दे. तो संग्रह आता स्विंडनला आहे. पुढे ते कायद्यात आलं. संरक्षित यादीतली इमारत पाडायची परवानगी मिळाली तरी वारसा संस्थेला कळवावं लागतं आणि नोंद करण्यासाठी निदान महिनाभर आत येऊ द्यावं लागतं. यादीबाहेरच्या घरांना हे आपोआप लागू होत नाही, आणि इंग्लंडातल्या ओळीच्या ओळी घरं त्यामुळे नोंद न होताच गेली. हीच फट आपल्या वाड्यांची आणि चाळींची आहे. मुंबईत वारसा नियम १९९५ पासून आहेत, पण यादीत नसलेल्या चाळीचं काय?

पुनर्विकासाआधी स्ट्रक्चरल ऑडिट होतंच. त्याच्या जोडीला एक दिवसाचं फोटोंचं काम घालायला हरकत कोणाची? ढगाळ दिवस, तिपाई, दोन मीटरची खुणा केलेली काठी चौकटीत. बाहेरच्या चारही बाजू, प्रत्येक खोली समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून, मग तपशील: कडीपाट, देवळी, जिन्याचा कठडा, हौद, परसातली विहीर. चाळीत सामायिक गॅलरी, नळ, मोऱ्या, आणि जिन्याखालचा मीटरचा फळा, कारण त्यावरची रंगाने लिहिलेली आडनावं म्हणजे त्या इमारतीची जनगणनाच असते. प्रत्येक फोटोला क्रमांक, आणि आराखड्यावर तो कुठून नि कोणत्या दिशेला काढला त्याचा बाण. बाण नसेल तर दोनशे फोटोंमधल्या सारख्या दिसणाऱ्या खोल्या वर्षभरात काढणाऱ्यालाही ओळखता येत नाहीत. एक प्रत रहिवाशांकडे, एक महापालिकेत, एक शहराच्या ग्रंथालयात. इकडच्या महाराष्ट्र मंडळांनीही आपल्या गणपतीच्या अल्बमांपासून सुरुवात करावी. लंडनचं मंडळ १९३२चं आहे, आणि पहिल्या पिढीतल्या चेहऱ्यांना नावं सांगू शकणारी माणसं आता नव्वदीत आहेत.