सात मुद्दे आणि तुळशीची कुंडी

परवा रात्री साडेनऊला ताईचा फोन. "आत्ताच्या आत्ता ये. त्यानं तुळशीत काहीतरी पुरलंय आणि वास घरभर सुटलाय." रामबागेतून स्कूटी काढली आणि लोकमान्य नगरला पोचले, तर भाचा गॅलरीत कुंडीवर परात पालथी घालून पहारा देत उभा. परातीखाली मोबाइलची बॅटरी, पुरीसारखी टम्म फुगलेली, चिखलात अर्धी बुडालेली. वास गोडसर, नेलपॉलिशसारखा.

"मावशी, मी मेसेजमध्ये सांगितलं तस्संच केलं."

मेसेज म्हणजे आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्याभरात तीनदा आलेला तो: 'पॉवर सप्लाय घेण्यापूर्वी या ७ गोष्टी वाचा, दुकानदार कधीच सांगणार नाही!' हिंदीतून कुणीतरी मराठीत उलथवलेला. इतके दिवस मी तो न वाचता पुढे सरकवत होते. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं पैसे साठवून इंदूरच्या जेल रोडवरून ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा बेंच सप्लाय (टेबलावर ठेवायचा, व्होल्टेज आणि करंटची मर्यादा नॉबनं लावता येणारा) आणला आणि मेसेज समोर ठेवून कामाला लागला. सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात मी बावीस वर्षं कंट्रोल कार्डं दुरुस्त करतेय, याच यंत्राचे नॉब फिरवत. पण घरच्या मावशीला विचारतो कोण?

सुरुवात सहाव्या मुद्द्यापासून करते, कारण त्यानंच कुंडी नासवली. 'मेलेली मोबाइल बॅटरी फेकू नका. वरची पट्टी काढून सेलला थेट १२ व्होल्टचा बूस्ट १० सेकंद द्या, बॅटरी जिवंत होते.'

यातला एक दाणा खरा आहे, तो आधी देऊन टाकते. बॅटरीच्या टोकाला जी बारीक पट्टी असते ते संरक्षणाचं सर्किट. सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली उतरला की ते सेलला बाहेरच्या टोकांपासून तोडतं, म्हणून बाहेरून मीटर लावला तर शून्य. आत सेलमध्ये जीव असतो. अशा बॅटरीला पट्टी जागेवरच ठेवून, बाहेरच्या टोकांवरून ४ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअरची मर्यादा लावून क्षणभर सप्लाय दिला की पट्टी पुन्हा जोडते. मोबाइल दुरुस्त करणारे हे करतात. मेसेजवाल्यानं ते कुणाच्या तरी खांद्यावरून पाहिलं असणार, आणि आकडे बघायचे राहिले असणार.

भाच्याची बॅटरी त्यातली नव्हतीच. ती सहा महिने ड्रॉवरमध्ये पडून होती. पट्टी काढल्यावर सेलवर ०.९ व्होल्ट, हे त्यानंच वहीत लिहून ठेवलंय (लिहून ठेवतो, एवढं चांगलं आहे). लिथियम सेल इतका खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे बसतं. आतल्या आत शॉर्ट होण्याची ती तयारी. अशा सेलला यानं सप्लाय १२ वर, करंटचा नॉब फुल्ल, म्हणजे ५ अँपिअर. दहा सेकंदांत काही झालं नाही म्हणून आणखी दहा. मग आणखी. चौथ्या वेळेला बॅटरी हातात गरम लागली आणि तुळस जवळ होती.

मोठं पुस्तक नकोच, टीपी४०५६ या चार्जिंगच्या आयसीची डेटाशीट बघा. हा आयसी लावलेलं तयार मॉड्यूल पंधरा-वीस रुपयांत मिळतं, भाच्याच्या डब्यातच दोन पडली होती. डेटाशीट सांगते: सेल २.९ व्होल्टच्या खाली असेल तर ठरवलेल्या करंटच्या दहाव्या भागानंच चार्ज करायचं. वर आल्यावर पूर्ण करंट. ४.२ व्होल्टला पोचलं की व्होल्टेज तिथेच धरायचं, दीड टक्क्याच्या आत. आणि करंट पुन्हा दहाव्या भागावर उतरला की चार्जिंग बंद. पंधरा रुपयांच्या वस्तूला जे कळतं त्यातलं एकही वाक्य मेसेजमध्ये नाही.

बेंच सप्लायवर लिथियम सेल चार्ज करता येतो का? येतो. ४.२० व्होल्ट सेल जोडण्याआधी वेगळ्या मीटरनं मोजून लावायचे. ३००० मिलिअँपिअर-तासाच्या सेलला दीड अँपिअरची मर्यादा पुष्कळ झाली. समोर बसून राहायचं, कारण हा सप्लाय आपणहून थांबत नाही. सप्लाय बंद करण्याआधी सेल काढायचा, नाहीतर सेलच सप्लायला उलटा करंट देत बसतो. आणि दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलचा नाद सोडायचा. आपल्या इंदूरच्या कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा डबा असतो, तिथे द्यायचा. कुंडीत नाही.

आता पाचवा मुद्दा. याचा मला सहाव्यापेक्षा जास्त राग आला, कारण याचा वास येत नाही. 'सप्लायच्या बॉडीला झिणझिण्या येत असतील तर प्लगची अर्थ पिन कापा. आउटपुट फ्लोटिंग होतं, शॉक बसत नाही.'

भाच्यानं पिन कापली होती. पकडीनं, मुळापासून.

चांगल्या सप्लायचं लाल आणि काळं टर्मिनल आधीपासूनच फ्लोटिंग असतं, अर्थला जोडलेलं नसतं. अर्थला जोडलेलं असतं ते हिरवं टर्मिनल आणि बाहेरचा पत्रा. काही सप्लायवर काळ्या-हिरव्यामध्ये पितळेची छोटी पट्टी लावून येते. फ्लोटिंग हवं असेल तर ती पट्टी काढायची, स्क्रू ढिला केला की निघते. ऑसिलोस्कोपची (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) काळी क्लिप अर्थलाच जोडलेली असते. पट्टी तशीच ठेवून ती क्लिप सर्किटमध्ये भलतीकडे लावली की शॉर्ट होतो, तेव्हाही उपाय हाच. प्लगच्या पिनेचा यात काही संबंध नाही. ती पिन आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली तर फ्यूज उडावा म्हणून असते. ती नसेल तर फ्यूज उडत नाही, पत्रा २३० व्होल्टवर तसाच बसून राहतो, आपण हात लावायची वाट बघत.

मग झिणझिण्या कुठून? स्विचिंग, म्हणजे वजनाला हलक्या सप्लायच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून. अर्थ नसेल तर पत्रा त्या दोघांच्या अधेमध्ये लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट मिलिअँपिअरहूनही कमी, पण बोटाला कळतो, टेस्टर लुकलुकतो, आणि एखाद्या नाजूक मॉसफेट ट्रान्झिस्टरचं गेट तेवढ्यात मरतं. म्हणजे झिणझिण्या येतात त्या अर्थ नसल्यामुळे.

भाचा म्हणाला, "पण मावशी, पिन कापायच्या आधीही येत होत्या." मी जरा थबकलेच. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला आणलं. त्यानं टेस्ट लॅम्प लावला. फेज-न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख, फेज-अर्थमध्ये नुसता अंधार. बोर्ड उघडला तर अर्थच्या भोकामागे वायरच नाही, तीस वर्षं नुसतं शोभेचं भोक. ताई फ्रिज, मशीन, गीझर सगळं त्याच भरवशावर वापरत होती. तेव्हा मेसेजला एवढं श्रेय द्यायलाच हवं, की त्याच्यामुळे ताईच्या घरात अर्थिंग होतंय. पण मेसेजनं सांगितलं होतं नेमकं उलट.

पहिला आणि दुसरा मुद्दा एकत्र घेते, कारण ते एकमेकांचे गळे धरतात. पहिला म्हणतो, 'जास्त अँपिअरचा सप्लाय सर्किट जाळतो, २ अँपिअरचाच घ्या.' दुसरा म्हणतो, 'करंटचा नॉब कायम फुल्ल ठेवा, नाहीतर व्होल्टेज पडतं.' अहो, जास्त करंट जाळतो तर नॉब फुल्ल कशाला?

करंट सप्लाय ढकलत नाही, सर्किट ओढतं. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला नाइट लॅम्प लावला तर तो जळतो का? व्होल्टेज बरोबर असेल तर १० अँपिअरच्या सप्लायवर २० मिलिअँपिअरचं सर्किट सुखानं नांदतं. फरक पडतो तो शॉर्ट असेल तेव्हा, आणि करंटचा नॉब त्याचसाठी दिलेला असतो.

आमची पद्धत सांगते. आधी व्होल्टेज लावायचं, समजा २४. मग सर्किट न जोडता लाल आणि काळी क्लिप एकमेकींना चिकटवायची. सप्लायला काही होत नाही, लाल दिवा लागतो, म्हणजे तो मर्यादेवर आला. नॉब फिरवून ०.२० अँपिअरवर आणायचं आणि क्लिपा सोडायच्या. नव्या मॉडेलवर हे एका बटणानं होतं. मागच्या आठवड्यात एक कार्ड असं जोडलं, तर लगेच लाल दिवा आणि २४ च्या जागी ३.१ व्होल्ट. मेसेजवाला म्हणाला असता, व्होल्टेज पडलं, नॉब फुल्ल करा. मी सप्लाय चालू ठेवून कार्डावर बोट फिरवलं. एक पिवळा टँटलम कपॅसिटर कोमट, आधीच्या कारागिरानं उलटा बसवलेला. नॉब फुल्ल असता तर तो फुटून खालचा ट्रॅक घेऊन गेला असता. काढला, नवा सरळ बसवला, हिरवा दिवा. व्होल्टेज पडलं तेव्हा सप्लाय मला सांगत होता, की इथे काहीतरी आहे.

मर्यादा म्हणजे जादू नव्हे, हेही सांगते. सप्लायच्या तोंडाशी आत कपॅसिटर असतो. तो ४७० मायक्रोफॅरडचा धरला तर ३० व्होल्टला त्यात सुमारे ०.२ ज्यूल साठलेले असतात, आणि नॉब त्यांना अडवत नाही. २० मिलिअँपिअरची मर्यादा लावून चालू सप्लायला एलइडी नुसती टेकवली तरी ती जाते. आधी जोडायचं, मग शून्यावरून व्होल्टेज चढवायचं.

तिसरा मुद्दा, 'जड तो असली, हलका तो नकली.' जड म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लिनिअर, हलका म्हणजे स्विचिंग. ऑडिओच्या किंवा बारीक मोजमापाच्या कामाला लिनिअर बरा, त्याचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, कमी. इतकं खरं. पण त्याच जड सप्लायवर ३ व्होल्ट आणि ५ अँपिअर घेतले तर दीडशे वॉटच्या आसपास नुसती उष्णता व्हायची, म्हणून आत रिले टक-टक करत ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतो. त्या आवाजाला बिघाड समजून लोक सप्लाय परत करायला जातात. मोटर, एलइडी पट्ट्या, कंट्रोल कार्डं यांना हलकाही चालतो.

चौथा, 'जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय पुरे, विकत कशाला?' १२ व्होल्टची एलइडी पट्टी लावायला पुरे, मध्ये फ्यूज टाकून. त्याच्या ५ व्होल्टच्या लाइनला वीसेक अँपिअर देण्याची ताकद असते आणि मर्यादेचा नॉब नसतो. शिकणाऱ्याच्या हातात तो नको.

सातवा, 'सप्लायवर आकडे दिसतात, मल्टीमीटरचा खर्च वाचवा.' सप्लायचा आकडा सप्लायच्या तोंडाशी असतो, सर्किटच्या तोंडाशी नाही. सोबत येणाऱ्या बारीक वायरींचा आणि क्लिपांचा मिळून ०.२ ओहम धरा, ३ अँपिअरला तिथेच ०.६ व्होल्ट गळतात. पडद्यावर ५.००, बोर्डवर ४.४, आणि बिचारा बोर्ड रीस्टार्ट होत बसतो.

माझा जुना मल्टीमीटर भाच्याच्या टेबलावर ठेवून आलेय. प्लग नवा, तीन पिनेचा, त्याच्याकडूनच बसवून घेतला. कुंडीतली सगळी माती ताईनं उपसायला लावली, तीही त्यालाच. तुळस तगेल असं वाटतंय.